जात्यावरची विश्रांती

सुरत शहराच्या आग्नेय अंगाला नवागाम नावाची वस्ती आहे. शेजारी डिंडोली, पलीकडे उधना. हा सारा भाग गुजरातचा. परंतु तेथील गल्ल्यांतून हिंडताना कानांवर अहिराणी पडते, मराठी पडते, आणि आपण धुळ्याला आहो की जळगावला, असा क्षणभर भ्रम होतो. खानदेशातील हजारो कुटुंबांनी पोटापाण्यासाठी ह्या परिसरात घरे केली आहेत. उधना स्थानकातून जळगावकडे जाणारा लोहमार्ग तापीच्या खोऱ्यातूनच जातो. पावसाने दगा दिला, शेताचे तुकडे झाले, की माणूस ह्याच वाटेने नदीच्या मुखाकडे येतो आणि लूमच्या कारखान्यात उभा राहतो.

लूमचे काम सोपे नव्हे. पुष्कळ ठिकाणी पाळी बारा तासांची. मजुरी कापडाच्या मीटरवर. म्हणून यंत्र थांबले की कमाई थांबते. घरी बायकांचेही हात रिकामे नसतात. साड्यांचे गठ्ठे येतात. कोणी त्यांवर टिकल्या चिकटवते, कोणी लोंबणारे धागे कापते. नगामागे ठरलेले पैसे मिळतात. मुलांची शाळा, घरभाडे, गावाकडे पाठवायचे पैसे हे सारे त्यातूनच निघायचे.

अशा घरातील माणसाला कोणी विचारले, "आपला छंद कोणता?" तर तो काय उत्तर देईल? बहुधा हसेल. छंद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तिकिटे जमविणारा विद्यार्थी येतो, पेटी वाजविणारा पेन्शनर येतो, बागेत गुलाब लावणारा बंगल्याचा धनी येतो. ज्याच्यापाशी वेळ आहे आणि वेळेबरोबर चार पैसे आहेत, त्याने छंद करावा. इतरांनी काम करावे आणि थकून झोपावे, अशी आपली समजूत झालेली असते. ही समजूत खरी आहे काय? ह्या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस वारंवार खानदेशातीलच एका बाईची आठवण होते. तिला छंदासाठी वेगळा असा वेळ कधीच मिळाला नाही. तरीही तिच्या आयुष्यात हौस, श्रद्धा आणि विरंगुळा ह्यांची वाण पडली नाही.

ती बाई म्हणजे बहिणाबाई चौधरी.

जळगावजवळच्या असोदे गावी, महाजनांच्या शेतकरी घरात, १८८० साली नागपंचमीच्या दिवशी त्यांचा जन्म झाला. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरी ह्यांच्याशी त्यांचे लग्न झाले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही, अक्षरओळख नव्हती. ऐन तिशीत वैधव्य आले. पदरी तीन लेकरे: ओंकार, सोपान आणि काशी. त्यांतील ओंकारला प्लेगच्या आजाराने कायमचे अपंगत्व आले. शेती, गुरे, चूल, जाते, आल्यागेल्याचे पाहणे ह्यांत त्यांचा दिवस उगवे आणि मावळे. खानदेशातील तशा हजारो बायांचे आयुष्य ह्याहून निराळे नव्हते.

निराळेपण एकाच गोष्टीत होते. काम करता करता बहिणाबाई गात असत आणि गाता गाता रचीत असत. पहाटे दळायला बसल्या की घरोटाच्या घरघरीवर शब्द येत. (खानदेशात जात्याला घरोट म्हणतात.) शेतात पेरणी, निंदणी, कापणी चालली असता त्या त्या कामाचे गाणे होई. सुगरण पक्ष्याचा झाडाला टांगलेला खोपा पाहिला, त्यावर गाणे झाले. माणसाचे मन किती ओढाळ, ह्याचे नवल वाटले, त्यावर गाणे झाले. आखाजीच्या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, फुगड्या घालतात. त्या आनंदाचेही गाणे झाले. कपाळीचे कुंकू पुसले गेल्याचे दुःख गाण्यातूनच बोलले आणि संसाराच्या चटक्यांचा अर्थही त्यांनी गाण्यातच शोधला. चुलीपाशी हाताला चटका बसल्याशिवाय भाकर मिळत नाही, हे ज्ञान त्यांनी ग्रंथातून घेतले नव्हते.

आणि श्रद्धा? बहिणाबाई विठ्ठलाच्या भक्त होत्या. त्यांचा उपासनामार्ग आपला नव्हे. तथापि प्रामाणिक मनाला येथे नमस्कार केल्यावाचून राहवत नाही. जमिनीत पुरलेल्या बीजाला कोंब फुटतो, ह्यात त्यांना देवाचा हात दिसे. प्रभू येशूनेही बियाणे, मोहरीचा दाणा, आभाळातील पाखरे आणि रानातील फुले दाखवूनच आपल्याला स्वर्गराज्य समजाविले आहे. शेतात राबणाऱ्याला हे धडे लवकर उमगतात. निसर्गाकडे उघड्या डोळ्यांनी पाहणे, हाही प्रार्थनेचा उंबरठाच होय.

येथे एक जुनी आख्यायिका सांगण्याचा मोह होतो. पाचव्या शतकातील कॅसियन नावाच्या मठवासी लेखकाने ती नमूद करून ठेवली आहे. प्रेषित संत योहान एकदा एका तित्तिर पक्ष्याला प्रेमाने कुरवाळीत बसले होते. एका शिकाऱ्याने ते पाहिले. एवढा थोर माणूस असल्या क्षुल्लक गोष्टीत वेळ घालवितो, ह्याचे त्याला आश्चर्य वाटले. संताने त्याला विचारले, "तुझ्या हातात काय आहे?" तो म्हणाला, "धनुष्य." "मग ते तू सदैव ताणून का ठेवीत नाहीस?" शिकारी म्हणाला, "तसे केले तर त्याचा जोर जाईल, आणि वेळेला ते कामास येणार नाही." संत हसून म्हणाले, "माझ्या मनाचेही तसेच आहे." पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास ह्यांनी अशाच एका कथेचा आधार घेऊन सांगितले की, शरीराला जशी विश्रांती हवी तशी मनालाही हवी, आणि मर्यादेत राहून केलेला खेळ व विनोद हा सद्गुणच आहे. तेव्हा विरंगुळा म्हणजे चैन, किंवा काहीसे पाप, असे मानण्याचे ख्रिस्ती माणसाला कारण नाही.

परंतु बहिणाबाईंचा दाखला देताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. "पाहा, त्या बाईला वेळ नव्हता तरी तिने गाणी केली, मग तुम्ही कुरकुर का करता?" असे नवागामच्या लूम-कामगाराला कोणी ऐकविले, तर तो अन्याय होईल. जाते आणि लूम ह्यांत मोठा भेद आहे. जाते फिरविणाऱ्या बाईच्या हातात जात्याचा वेग असतो. ती दमली की खुंटा हळू फिरतो. गाणे रंगले की भरभर फिरतो. जात्याची घरघर गाण्याला सूर धरते. लूमचा वेग मात्र विजेच्या हाती. शेकडो यंत्रांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, मग गाणे कोठले? माणसाने यंत्राच्या मागे धावायचे आणि तुटलेला धागा जोडायचा. अशा कामातून गाणे उगवत नाही. त्या माणसाला वेगळी विश्रांती द्यावीच लागते. ती त्याच्यावर केलेली मेहेरबानी नव्हे, त्याचा हक्क आहे.

ख्रिस्तसभेने ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगितली आहे. १८९१ साली पोप तेरावे लिओ ह्यांनी कामगारांविषयी जे परिपत्रक काढले, त्यात प्रभुवारच्या विश्रांतीचा आग्रह धरला. १९६५ साली द्वितीय व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगाविषयीच्या आपल्या दस्तऐवजात म्हटले की, कामगाराला कुटुंबासाठी, संस्कृतीसाठी, समाजासाठी आणि धर्मासाठी पुरेसा वेळ मिळाला पाहिजे. आपल्या देशानेही १९४८ साली कारखान्यांचा कायदा केला, तेव्हा प्रौढ कामगारासाठी दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली आणि साप्ताहिक सुट्टी ठरवून दिली. बारा तासांची पाळी ह्या हिशेबात कोठे बसते, हे वाचकांनीच पाहावे. आमच्या वाचकांत कोणी चार माणसे कामाला ठेवणारे असतील, तर त्यांनी हा हिशेब आपल्या घरापासून सुरू करावा.

आता उरला घरातला प्रश्न. साडीला टिकल्या लावणाऱ्या बायकांचे हात गुंतलेले असतात, तोंड मोकळे असते. शेतात भात लावणाऱ्या, अंगणात पापड लाटणाऱ्या, भाजी निवडणाऱ्या आमच्या भगिनींचेही तसेच. पूर्वी अशा वेळी गाणे होई. आता बहुधा शेजारी मोबाईल लावलेला असतो. त्यातील गाणी ऐकण्यात काही वावगे नाही, आम्हीही ऐकतो. परंतु दुसऱ्याने केलेली करमणूक ऐकणे आणि आपल्या तोंडून आपले सुखदुःख गाणे, ह्या दोन गोष्टी सारख्या नाहीत. पहिलीने वेळ जातो. दुसरीने मन हलके होते.

बहिणाबाईंची गाणी आपल्यापर्यंत कशी पोहोचली, हे येथे सांगितले पाहिजे. त्यांना लिहिता येत नव्हते. गाणे ओठांवर येई आणि वाऱ्यावर जाई. त्यांचा मुलगा सोपान पुढे सोपानदेव चौधरी ह्या नावाने कवी म्हणून प्रसिद्धीस आला. त्याने आणि मावसभाऊ पितांबर चौधरी ह्यांनी वेळोवेळी काही गाणी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे ह्यांना दाखविली. अत्र्यांनी त्या गाण्यांचे मोल तत्काळ ओळखले, ती छापण्याचा आग्रह धरला आणि पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. पुढे २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्या बाईला सही करता येत नव्हती, तिच्या नावाच्या पदव्या आता मुलेमुली घेतात.

परंतु आम्हांस चटका लागतो तो दुसऱ्याच विचाराने. जी टिपली गेली तेवढीच उरली. जी टिपली गेली नाहीत ती त्या बाईबरोबर गेली. आणि ज्या बायांच्या घरी वही घेऊन बसणारा सोपान नव्हता, त्यांचे काय झाले? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ ह्यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाराष्ट्राच्या गावोगावी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढे धन आमच्या आयाबायांच्या ओठांवर होते! आपण ते धन मानलेच नव्हते, एवढेच.

ओवीशी आपले, ख्रिस्ती मराठी माणसांचे, नाते तर जुने आहे. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी प्रभूची कथा मराठीत सांगावयाची ठरविली, तेव्हा त्यांनी ओवीच निवडली. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. परदेशातून आलेल्या त्या धर्मगुरूला ह्या मातीतल्या छंदाची थोरवी कळली. आपल्याला कळू नये काय?

म्हणून वाचकहो, येत्या रविवारी एक गोष्ट करून पाहा. मिस्साहून घरी आल्यावर, जेवणखाण आटोपल्यावर, आजीजवळ बसा. तिला सांगा, "आजी, तुझ्या आईकडून ऐकलेले एक गाणे म्हण." प्रथम ती लाजेल, "आता कुठले आठवायला?" म्हणेल. घाई करू नका. एक ओळ आली की दुसरी तिच्यामागून येते. लग्नातले गाणे असो, लावणीचे असो, पाळण्यातले असो की क्रुसाच्या भक्तीचे असो. वहीत उतरून घ्या. खाली आजीचे नाव, तिचे माहेर, आणि गाणे कोणाकडून शिकली ते लिहा. मुलांच्या हातून लिहवून घेतले तर अधिक बरे. नवागामच्या भाड्याच्या खोलीत हे करता येते, वसईच्या वाडीत करता येते, आणि त्याला पैसा लागत नाही.

आजीला मात्र त्या दिवशी कळेल की, तिने आयुष्यभर नुसते काम केले नव्हते. ती गात होती, आणि तिचे गाणे कोणीतरी ऐकत होते. देव तर ऐकतच होता. आता घरच्यांनीही ऐकावे.