मुंबईच्या खडकांवरचे जीव : लेखांक ७ – डबक्यातला गोबी

वांद्र्याच्या बँडस्टँडपासून जुहू, वर्सोवा, मढ, आक्सापर्यंतच्या उपनगरी किनाऱ्यावर वाळूच्या अधूनमधून कातळाचे पट्टे समुद्रात शिरलेले आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबईला भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. पाणी ओसरले की कातळाच्या खोलगट भागांत डबकी साचून राहतात. पुढची भरती येईपर्यंत या डबक्यांत मुक्काम करणाऱ्या लहान माशांपैकी एक म्हणजे बॅथिगोबियस प्रजातीचा गोबी. तिच्यातली बॅथिगोबियस फस्कस ही जाती तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत पसरलेली आहे. एदुआर्द र्युपेल या जर्मन संशोधकाने 1830 मध्ये तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. इंग्रजीत तिला डस्की फ्रिलगोबी म्हणतात.

हा मासा बोटाएवढा, फार तर 12 सेंटिमीटरपर्यंत वाढणारा. डोके रुंद, गाल फुगीर, अंगावर तपकिरी-करड्या रंगाचे गडद डाग. रंगावरून मात्र ओळख पटवू नये, कारण तळ फिकट असेल तर मासाही फिकट होतो. ओळख पटते ती परांवरून. पाठीवर दोन वेगवेगळे पर असतात. पोटाखालचे दोन पर जोडले जाऊन त्यांची वाटी झालेली असते, तिच्या आधाराने लाट आली तरी मासा दगडाला धरून राहतो. तिसरी खूण या प्रजातीची खास आहे : छातीच्या परांचे वरचे काटे पडद्याने जोडलेले नसतात, ते रेशमाच्या सुट्या धाग्यांसारखे दिसतात.

याच डबक्यांत ब्लेनी हा मासाही सापडतो आणि घोटाळा होतो तो इथेच. ब्लेनीच्या अंगावर खवले नसतात. तिच्या पाठीवरचा पर डोक्यामागून शेपटीकडे सलग जातो आणि पोटाखाली वाटीऐवजी दोन बारीक काड्यांसारखे पर असतात. बाजारात ओळखीची असलेली निवटी ही गोबीच्या नात्यातली. पण तिचे डोळे डोक्याच्या माथ्यावर आलेले असतात आणि तिचे घर खाडीच्या चिखलात, तिवरांच्या मुळांशी असते. एवढ्या खुणांनी प्रजाती ठरते. नेमकी जाती ठरवायला मात्र खवल्यांची रांग आणि परांतले काटे मोजावे लागतात.

डबक्यातले जगणे सोपे नाही. मे महिन्यात पाणी तापते आणि आटून अधिक खारट होते. पावसाळ्यात त्याचा खारटपणा कमी होतो. गोबी हे सारे सोसतो. खेकड्यांची पिल्ले, किडे, शेवाळ असे जे मिळेल ते खातो. मादी दगडाच्या किंवा शिंपल्याच्या खालच्या अंगाला अंडी चिकटवते आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत नर त्यांची राखण करतो.

या प्रजातीच्या स्मरणशक्तीवर एक गाजलेले संशोधन आहे. अमेरिकेतल्या लेस्टर अ‍ॅरनसन यांनी बहामा बेटांवर अटलांटिकमधल्या बॅथिगोबियस सोपोरेटर या जातीचे निरीक्षण करून 1951 मध्ये निष्कर्ष मांडले. धोका जाणवला की हा मासा एका डबक्यातून शेजारच्या डबक्यात अचूक उडी मारतो, जरी बसल्या जागेवरून ते डबके त्याला दिसत नसले तरी. भरतीच्या वेळी खडकावरून पोहताना तो खोलगट जागा लक्षात ठेवतो, असे अ‍ॅरनसन यांनी दाखवून दिले. म्हणजे या माशाचे घर एका डबक्यापुरते नसते. आजूबाजूचा सगळा खडक त्याच्या माहितीचा असतो.

गोबी पाहायचा तर उधाणाची ओहोटी गाठावी आणि पाणी चढू लागण्याआधी परतावे. मासा समुद्राच्याच पाण्याने भरलेल्या पारदर्शक डब्यात क्षणभर घेतला की पोटाखालची वाटी खालून स्पष्ट दिसते. नंतर त्याला त्याच डबक्यात सोडावे. उचललेला प्रत्येक दगड होता तसाच, त्याच अंगावर परत ठेवावा. उलट्या पडलेल्या दगडावरची अंडी उन्हात वाळून मरतात.