गैरहजर वकिलाचा रोजनामा

सकाळी सात

मानवतचं कोर्ट अकराला बसतं, पण खेड्यातला पक्षकार सातलाच दारात येतो. दुपारी त्याला रानात परत जायचं असतं. कापसाच्या दिवसांत तर त्याचा एक खाडा म्हणजे मजुरांचाही खाडा.

आज आलेले काका गोदाकाठच्या गावचे आहेत. पिशवीत सातबारा, मोजणीच्या नकाशाची क प्रत, आणि वकिलाचं घडी घालून मऊ पडलेलं व्हिजिटिंग कार्ड. शेजाऱ्यानं बांध कोरून काही गुंठे आत घेतले, मोजणीत ते निघालं, म्हणून ताब्याचा दावा लावलेला. वकीलसाहेब म्हणायचे, "तुम्ही कशाला हेलपाटा मारता? काम असलं की फोन करतो." फोन आला नाही. गेल्या आठवड्यात शेजाऱ्यानंच चारचौघांत सांगितलं, "तुझा दावा कवाच खारीज झाला."

काका एकच धरून बसलेत. "मॅडम, त्या वकिलावर केस करायची. त्याची सनद गेली पाहिजे."

असा पक्षकार आला की वकिलाबद्दल मी आधी काही विचारत नाही. "काका, दावा खारीज झाल्याचं तुम्हाला कळलं कोणत्या तारखेला? आणि कोणासमोर?" एवढंच विचारते. वादी गैरहजर म्हणून काढून टाकलेला दावा पुन्हा फाइलवर घेण्याच्या अर्जाला हुकमापासून ३० दिवसांची मुदत असते. ती केव्हाच संपलेली आहे. आता विलंबमाफी मागावी लागणार, आणि आजपासून जो दिवस जाईल त्याचा जाब वकिलाला नाही, काकांना द्यावा लागेल. वकिलावरचा राग रास्तच आहे. पण आधी जमीन, मग वकील.

सकाळी नऊ

मोबाइलवर ई-कोर्टचं अॅप उघडते. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो; तो टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखा, झालेले हुकूम सगळं दिसतं. काकांना हा क्रमांक कोणी दिलेलाच नाही. नावावरून शोधलं, सापडलं. आठ महिन्यांपूर्वीच निकाली.

काकांचा नातू बारावीत आहे, काकांपेक्षा महागडा फोन वापरतो. दर महिन्याला त्यानं हा क्रमांक टाकून पाहिला असता तर आज आठ महिन्यांचा हिशेब द्यायची पाळी आली नसती. म्हणून माझ्याकडे वकीलपत्रावर सही करणाऱ्याला मी तो क्रमांक डायरीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून देते आणि घरातल्या शिकणाऱ्या मुलाला फोनवर दाखवून देते.

साडेदहा

कोर्टात नकलेचा अर्ज देते, मग फाइल पाहण्याची परवानगी घेऊन रोजनामा वाचते. अशा प्रकरणांत खरा साक्षीदार हाच. तारीखवार ओळी, कारकुनी हात. पहिल्या तारखांना वादीचे वकील हजर. मुद्दे निघाले. मग वादीच्या पुराव्याच्या शपथपत्रासाठी तारीख. मुदतीचा अर्ज, मंजूर. पुन्हा मुदतीचा अर्ज, खर्चासह मंजूर. हा खर्च कोणी भरला, काकांना ठाऊक नाही. त्यानंतर ओळ बदलते: वादी व त्यांचे वकील गैरहजर, प्रतिवादीचे वकील हजर. पुढच्या तारखेला पुन्हा तेच. शेवटच्या ओळीत, पुकारा करूनही कोणी हजर नाही, सबब दावा काढून टाकण्यात येतो.

या ओळींत काकांचा गुन्हा कुठे आहे? त्यांना तारीखच माहीत नव्हती. पण कायदा वकिलाला पक्षकाराचा प्रतिनिधी मानतो आणि वकिलाची गैरहजेरी पक्षकाराच्या नावावर मांडतो. यातून वाट काढणारा निकाल १९८१ चा आहे, रफिक विरुद्ध मुन्शीलाल. उत्तर प्रदेशातल्या एका खेडूताचं अपील वकील न आल्यामुळे फेटाळलं गेलं होतं. ज्यानं वकील नेमला, फी दिली, त्यानं कोर्टात येऊन वकिलावर पहारा ठेवावा अशी अपेक्षा करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आणि खर्च गैरहजर राहिलेल्या वकिलाकडून वसूल करायला लावला. मात्र हा निकाल प्रत्येकाला उपयोगी पडत नाही. १९९३ मध्ये सलील दत्ता प्रकरणात त्याच न्यायालयानं म्हटलं की जाणकार, शहरातला पक्षकार सगळं वकिलावर ढकलून मोकळा होऊ शकत नाही. म्हणून काका शेतकरी आहेत, तालुक्याबाहेरच्या वकिलावर विसंबून होते, हे शपथपत्रात साध्या शब्दांत यायला हवं.

अकरा ते दोन

माझी स्वतःची कामं. एक उलटतपास, दोन तारखा, चेकच्या केसमध्ये तडजोड.

दुपारी दोन

बार रूममध्ये डबा उघडते आणि विषय निघतोच. जुन्या वकिलाची ना हरकत हवी. त्याशिवाय दुसऱ्यानं वकीलपत्र दाखल करू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. त्यांनी दिली नाही तर कोर्टाची परवानगी मागता येते. फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "आधी माझी राहिलेली फी द्या, मग फाइल न्या."

हे चालत नाही. आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलंय की फीसाठी पक्षकाराचे कागद अडवण्याचा हक्क वकिलाला नाही. अडवले तर ते गैरवर्तन. फी राहिली असेल तर वसुलीचा दावा करावा. मी त्यांना हे शांतपणे सांगितलं आणि लेखी पत्रही आजच टपालात टाकते आहे.

शेजारच्या बाकावरून सल्ला येतो, "कशाला आपल्याच माणसाच्या वाटेला जाता?" तालुक्याच्या बारमध्ये आम्ही रोज एका टेबलावर जेवतो, एकमेकांच्या तारखा सांभाळतो, लेकरांच्या लग्नांना जातो. त्यामुळे वकिलानं बुडवलेल्या माणसाला मानवतला वकील मिळत नाही, पाथरीला मिळत नाही, परभणीलाही दहा दारं वाजवावी लागतात. कायद्यात दाद आहे आणि ती मागायला हात नाही, अशी त्याची कोंडी होते. मला हे सर्वांत जास्त लागतं. आपल्याच माणसाला सांभाळायचं असेल तर तो चुकतो त्या दिवशी त्याला सांगायला हवं, पक्षकाराला वाऱ्यावर सोडून नव्हे.

दुपारी चार

एक गुरुजी आले. समोरच्या पक्षाच्या वकिलानं उलटतपासात अपमान केला, त्याची तक्रार करायची म्हणतात. मी त्यांना थांबवलं. गैरवर्तनाची तक्रार साधारणपणे आपल्या वकिलाविरुद्ध त्याच्या पक्षकारानं करायची असते; विरुद्ध बाजूच्या वकिलानं त्याच्या अशिलासाठी भांडणं हे त्याचं कामच आहे.

मग एक मावशी. कालव्यात गेलेल्या जमिनीचा वाढीव मोबदला आला आणि वकील टक्केवारी मागतो आहे; कोऱ्या कागदावर आधीच अंगठा घेतलेला. निकालावर टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलचे नियम मनाई करतात. डिसेंबर २०१७ मध्ये बी. सुनीता प्रकरणात न्यायमूर्ती आदर्श कुमार गोयल आणि उदय लळीत यांच्या खंडपीठानंही टक्केवारीची फी बेकायदा ठरवली. मावशींना म्हटलं, पैसे तुमच्याच खात्यावर घ्या, चेकबुक कोणाच्या हातात देऊ नका. आणि वकिलाची फी देणं जमत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे चला; बाईमाणसाला तिथं उत्पन्नाची अट नाही.

संध्याकाळी सहा

काका परत आले, सोबत मुलगा. आता वकिलाविषयी बोलायला मी मोकळी आहे.

मुलानं विचारलं, "ग्राहक कोर्टात टाकता येतं ना?" आता नाही. दिल्लीतल्या डी. के. गांधी नावाच्या पक्षकाराच्या तक्रारीवर राष्ट्रीय आयोगानं २००७ साली वकिलांना ग्राहक कायद्याखाली आणलं होतं. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. वकील पक्षकाराच्या सांगण्यावरून, त्याच्या नियंत्रणाखाली काम करतो, म्हणून तो वैयक्तिक सेवेचा करार, असं कारण दिलं. मला ते पटलेलं नाही. काकांचं त्या वकिलावर कसलं नियंत्रण होतं? तरी निकाल तो निकाल.

राहिल्या दोन वाटा. पहिली, अॅडव्होकेट्स अॅक्ट १९६१ च्या कलम ३५ खाली बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे तक्रार. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर तिघांच्या शिस्तपालन समितीकडे जाते. ताकीद, ठरावीक काळ सनद निलंबित, किंवा सनद कायमची रद्द, इथवर समितीला अधिकार. एका वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे जातं. पण ती समिती बुडालेले पैसे भरून देत नाही. शिवाय निव्वळ हलगर्जीपणा पुरत नाही. पुण्याच्या पांडुरंग खांदेकर प्रकरणात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की वाईट हेतू नसेल तर चुकीचा सल्ला किंवा नुसता निष्काळजीपणा गैरवर्तन ठरत नाही. तारखा चुकल्या एवढ्यानं सनद जाईलच असं मी काकांना सांगू शकत नाही. दावा खारीज झाल्यावरही "चालू आहे" म्हणून फी घेतली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मुलाच्या फोनमध्ये तसे दोन मेसेज आणि एक ऑनलाइन भरणा सापडला. मी त्याला ते पुसू नको, फोन बदलू नको म्हणून बजावलं.

दुसरी वाट दिवाणी दाव्याची. वकिलावर निष्काळजीपणाचा दावा लावता येतो. १९२६ च्या वकील-फी कायद्यातच तसं लिहिलेलं आहे. मुदत साधारण ३ वर्षं. पण त्यात दोन दावे सिद्ध करायचे असतात: वकील चुकला, आणि तो चुकला नसता तर मूळ दावा आपण जिंकलो असतो. मोजणीचा नकाशा काकांच्या बाजूनं आहे, त्यामुळे दुसरा भाग जमेल. पावत्या मात्र एकही नाही.

काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आधी रान."

रात्री नऊ

विलंबमाफीचा आणि दावा पुन्हा फाइलवर घेण्याचा अर्ज लिहिते आहे. शपथपत्रात वकिलाला शिव्या नाहीत. तारखा आहेत, मेसेज आहेत, खारीज झाल्याचं कळलं तो दिवस आहे. बार कौन्सिलची तक्रार अर्जाचा निकाल पाहून.

माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती. असा पक्षकार दारात आला तर वकीलपत्र नाकारू नका. आणि ज्यांचा दावा कोर्टात आहे त्यांनी आजच सीएनआर क्रमांक मागून घ्या, फीची पावती घ्या, आणि दावा खारीज झाल्याचं कळलं तर त्याच दिवशी हुकमाच्या तारखेपासून ३० दिवस मोजा.