भाकरीबरोबर काय?

कॉलेजं उघडली की हैदराबादेत कोठीच्या फुटपाथवर जुन्या पाठ्यपुस्तकांचे ढीग लागतात. अ‍ॅनाटॉमी, अकाउंटन्सी, प्रवेश परीक्षांच्या गाइडांच्या खाली कुठेतरी पहिल्या वर्षाचं पोषणशास्त्रही सापडतं. बहुधा ती अमेरिकन पुस्तकाची स्वस्त आवृत्ती असते. मुखपृष्ठावर ब्रोकोली, आत ओट्स आणि सफरचंद. कर्बोदकं, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वं, खनिजं आणि पाणी ही सहा नावं मुलं पाठ करतात, मार्क मिळवतात आणि खोलीवर येऊन मॅगीचं पाकीट फोडतात. यात मुलांचा दोष फारसा नाही. पुस्तकातलं ताट त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं.

खरं तर या शास्त्राची काही महत्त्वाची पानं याच शहरात लिहिली गेली. कोठीला लागून असलेल्या सुलतान बाजारातून निघालं की तार्नाका सात-आठ किलोमीटरवर. तिथे उस्मानिया विद्यापीठाशेजारी राष्ट्रीय पोषण संस्था आहे. भारतात कुठल्या पदार्थात काय आहे आणि कोणी किती खावं, याचे बहुतेक आकडे तिथूनच देशभर जातात. आणि त्या संस्थेतलं सगळ्यात गाजलेलं एक संशोधन ओट्सवर नसून आपल्या ज्वारीवर आहे.

सुलतान बाजाराचा आणि ज्वारीचा संबंध जुना. हा ब्रिटिश रेसिडेन्सीच्या आसऱ्याने वाढलेला बाजार. निजामाच्या कडक नजरेपासून इथे थोडा मोकळेपणा होता, म्हणून मराठी आणि तेलुगू संस्थांनी याच आवारात बस्तान बसवलं. विवेकवर्धिनी शाळा, मराठी ग्रंथ संग्रहालय, शेजारीच तेलुगूंचं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच असल्यामुळे नांदेड, परभणी, बीडची पोरं शिकायला इकडेच येत. येताना डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असे. तेलंगणातही तीच ज्वारी, फक्त नाव जोन्ना. कोठीच्या आसपास आजही संध्याकाळी एखादी बाई रस्त्याच्या कडेला तवा मांडून जोन्ना रोट्टे थापताना दिसते. हात चालतो आपल्यासारखाच, पीठ मळण्याची घाई तीच, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायची रीतही तीच. घेणाऱ्यांच्या रांगेत आता बहुतेक मधुमेहाचे पेशंट असतात.

आधी हिशेब. शंभर ग्रॅम ज्वारीतून साधारण 335 ते 350 कॅलरी ऊर्जा आणि दहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. (आपण बोलताना कॅलरी म्हणतो ती शास्त्रातली किलोकॅलरी.) एक ग्रॅम कर्बोदकातून 4, प्रथिनातून 4 आणि तेलातुपातून 9 कॅलरी, एवढं लक्षात ठेवलं तरी पहिल्या वर्षाचा निम्मा पेपर सुटतो. 2020 मध्ये ठरवलेल्या भारतीय प्रमाणांनुसार 65 किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला 2110 कॅलरी लागतात आणि 55 किलोच्या स्त्रीला 1660. मध्यम कष्टाचं काम असेल तर हेच आकडे 2710 आणि 2130 होतात. आता ही ऊर्जा नुसत्या भाकरीतून भरून काढली तर काय बिघडलं? पोट तर भरतं. हैदराबादच्या संशोधकांपुढे माणसं येऊन बसली ती नेमका हाच प्रश्न अंगावर घेऊन.

त्याआधी संस्थेचं मूळ सांगायला हवं, कारण त्यातही आपला उल्लेख आहे. 1918 मध्ये निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन या लष्करी डॉक्टरने बेरीबेरीच्या शोधासाठी एका खोलीत काम सुरू केलं. पुढे त्याने उंदरांना हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या प्रांतांचं जेवण खाऊ घालून त्यांची वाढ मोजली. शिखांच्या जेवणावरचे उंदीर सर्वात धष्टपुष्ट, मग पठाणांचे, तिसरे मराठ्यांचे आणि शेवटी मद्रासकडच्या पांढऱ्या भाताचे. मराठी माणूस हे वाचून मिशीवर ताव देईल, पण मॅककॅरिसनचा मुद्दा जातीचा नव्हता. न पॉलिश केलेलं धान्य, दूध, डाळ आणि भाजी एकत्र आली की वाढ चांगली होते, एवढंच तो दाखवत होता. त्याच्यानंतर आलेल्या एक्रॉइडने 1937 मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचं पहिलं कोष्टक छापलं. ते पुढे संस्थेतल्याच सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी वाढवलं. 1989 च्या सुधारित आवृत्तीवर वाय. जी. देवस्थळे हे मराठी नाव दिसतं. 2017 च्या नव्या कोष्टकांत 528 पदार्थ आहेत. संस्था कुन्नूरहून हैदराबादला आली 1958 साली, व्ही. एन. पटवर्धन संचालक असताना. तिला आजचं नाव मिळालं 1969 मध्ये.

हैदराबादला आल्यावर कुन्नूरच्या थंड हवेत न दिसलेला एक आजार इथे समोर आला. उन्हाळा सुरू झाला की दख्खनच्या पठारावरचे गरीब शेतमजूर दवाखान्यात येत. हाताच्या पाठी, पावलं आणि मान, म्हणजे जिथे जिथे ऊन लागतं तिथली कातडी काळी, जाड, भेगाळलेली. मानेभोवती तर गळ्यात दागिना घातल्यासारखा काळा पट्टा उमटे. त्याच्या जोडीला जुलाब, जळजळणारी जीभ, झोप नाही, आणि काहींचं डोकंही ठिकाणावर नसे. आजाराचं नाव पेलाग्रा. युरोपात तो अठराव्या शतकापासून ठाऊक होता. अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गरने 1914 नंतर दाखवून दिलं की तो जंतूंमुळे होत नाही, आहारामुळे होतो. 1937 मध्ये नायसिन हे ब गटातलं जीवनसत्त्व त्यावर लागू पडतं हेही कळलं. पण या सगळ्या ठिकाणी गुन्हेगार एकच होता, मका. मक्यातलं नायसिन बांधलेलं असतं, शरीराला मिळत नाही. शिवाय ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मक्यात कमी. शरीर साठ मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून एक मिलिग्रॅम नायसिन स्वतः बनवू शकतं, म्हणजे तीही वाट बंद.

हैदराबादचे रुग्ण मात्र मका खात नव्हते. ते ज्वारी खात होते, आणि ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतकं तुटपुंजं नाही. मग आजार का? गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये उत्तर मांडलं. मका आणि ज्वारी या दोन्हींत ल्युसिन नावाचं दुसरं अमिनो आम्ल जरुरीपेक्षा पुष्कळ जास्त आहे आणि ते जास्तीचं ल्युसिन ट्रिप्टोफॅनचं नायसिन होण्याच्या कामात अडथळा आणतं. म्हणजे आजार केवळ उणिवेचा नव्हता, असमतोलाचा होता. पुढे कमी ल्युसिनच्या ज्वारीच्या वाणांचा शोध झाला, ब-6 जीवनसत्त्वाचा संबंध तपासला गेला. परदेशातल्या काही प्रयोगशाळांना हाच परिणाम तितकासा स्पष्ट दिसला नाही आणि वाद चालू राहिला. माझ्या मते त्या वादापेक्षा रुग्णांच्या ताटाकडे पाहिलं तर जास्त कळतं. ताटात भाकरी होती, मिरचीचा ठेचा होता आणि बाकी जागा रिकामी होती. ज्या घरात भाकरीवर घट्ट वरण, ताक, अधूनमधून अंडं किंवा मटण असे, त्या घरात तीच ज्वारी पिढ्यान्‌पिढ्या खाऊन कुणाच्या मानेवर पट्टा उठला नाही.

हा आजार नंतर ओसरला. त्याला औषधाच्या गोळ्या जेवढ्या कारण झाल्या, त्याहून जास्त कारण बहुधा रेशनचा तांदूळ झाला असावा. 1983 मध्ये आंध्र प्रदेशात एन. टी. रामाराव यांच्या सरकारने दोन रुपये किलो दराने तांदूळ द्यायला सुरुवात केली आणि गरिबाच्या घरातली भाकरी मागे पडत गेली. एक दुखणं गेलं आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या भाताबरोबर दुसरी आली, त्यांतलं पहिलं म्हणजे मधुमेह. आता ज्वारी परत येते आहे ती श्रीमंताच्या ताटात, आकर्षक पाकिटातून. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि जोन्ना रोट्टेला सुखवस्तू गिऱ्हाईक मिळालं.

नव्या विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त भुरळ पडते प्रथिनांची. जिमच्या काउंटरवरचे डबे पाहिले की वाटतं, भारतीय माणूस प्रथिनांवाचून तडफडतो आहे. ही भीती नवी नाही. 1968 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जगावर येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाचा अहवाल काढला होता. त्याला ठाम विरोध करणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, संख्याशास्त्रज्ञ. अन्न आणि शेती संघटनेत त्यांनी वर्षानुवर्षं सांख्यिकी विभाग सांभाळला. त्यांचं म्हणणं असं की भारतातल्या जेवणात प्रथिनं कमी पडताना दिसतात, ती बहुतांशी पोटभर अन्नच मिळत नाही म्हणून. चुलीत सरपण संपलं की माणूस घरातले पाट जाळतो. ऊर्जा कमी पडली की शरीर प्रथिनंच जाळायला घेतं. तिकडे आकड्यांतून सुखात्म्यांना जे दिसलं, ते हैदराबादजवळच्या खेड्यांत गोपालन यांना मुलांमध्ये दिसलं. एक ते पाच वर्षांच्या कुपोषित मुलांना त्यांनी गहू, साखर आणि तेलाचा खाऊ दिला. त्यात 310 कॅलरी होत्या आणि प्रथिनं फक्त 3 ग्रॅम. चौदा महिन्यांनी त्या मुलांची उंची आणि वजन न दिलेल्या मुलांपेक्षा चांगलंच वाढलेलं होतं. 1973 मध्ये हे प्रसिद्ध झालं.

म्हणून प्रथिनं बिनमहत्त्वाची, असा अर्थ कुणी काढू नये. आजचं प्रमाण किलोमागे 0.83 ग्रॅम आहे. 65 किलोला 54 ग्रॅम, 55 किलोला 46. संस्थेने 2024 मध्ये सुधारलेल्या आहार-मार्गदर्शनात 2000 कॅलरींचं ताट मांडलं आहे. त्यात धान्य 250 ग्रॅम, डाळी 85, दूध 300 मिली, दाणे-बिया 35 ग्रॅम, भाज्या 400, फळं 100 आणि तेल 27. धान्य ज्वारीचं धरलं तर त्यातून 25 ग्रॅम प्रथिनं, डाळीतून 18-19, दुधातून 10, दाण्यांतून 8 तरी. बेरीज साठाच्या पुढे जाते. डब्यातली पावडर अजून उघडलेलीही नाही! शिवाय धान्यात लायसिन कमी आणि डाळीत भरपूर, डाळीत मेथिओनिन कमी आणि धान्यात पुरेसं. भाकरी-पिठलं, वरणभात, इडली हे जोड आजीने लायसिन न शिकता लावले. अडचण एवढीच की या ताटात धान्यातून 45 टक्क्यांहून जास्त ऊर्जा येऊ द्यायची नाही, आणि आपल्या मेसच्या थाळीत बहुतेक वेळा डाळ पातळ पाणी असते आणि भात मात्र हवा तेवढा.

सुलतान बाजारात सरकारी प्रसूती दवाखाना आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या बायांच्या हातातल्या कागदी पुडीत लोहाच्या आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या असतात. या दुसऱ्या गोळीची कथा मुंबईत सुरू झाली. 1928 मध्ये ल्यूसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा पंडुरोग तपासायला तिथे आली. लोह देऊनही न हटणारा त्यांचा पंडुरोग तिने मार्माइट, म्हणजे यीस्टचा स्वस्त अर्क, देऊन बरा केला. काही काळ तिने कुन्नूरलाही काम केलं. मार्माइटमधलं ते द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल हे 1940 च्या दशकात कळलं. पालेभाज्या आणि डाळींत ते भरपूर असतं, पण फार शिजवलं की उडतं.

लोहाचं दुखणं मात्र आपण अजून काढलेलं नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयातल्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पुरुषाला दिवसाला 19 मिलिग्रॅम लोह पुरतं, स्त्रीला 29 लागतं, आणि घरात बहुधा तीच शेवटी जेवते. धान्य-भाजीतलं लोह आतड्यातून थोडंच शोषलं जातं. लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व जेवणाबरोबर असलं तर ते वाढतं; चहातलं टॅनिन असलं तर घटतं. हैदराबादेत हे सांगणं जिवावर येतं, कारण इथे जेवण उरकून लगेच इराणी चहा घेतला नाही तर जेवल्यासारखं वाटत नाही. चहा सोडायची गरज नाही. जेवणाच्या तासभर आधी आणि तासभर नंतर टाळला तरी पुष्कळ झालं. शुद्ध शाकाहारी मुलामुलींनी ब-12 तेवढं लक्षात ठेवावं. ते वनस्पतीत मिळत नाही, दूध-दही नियमित हवं. बाजारातली मिरची भजी आणि उस्मानिया बिस्किटं याबद्दल मी गप्प बसतो. दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत, आणि भज्यांच्या कढईतलं तेल काळं झालेलं दिसलं तर पुढे चालावं.

आता स्वयंपाक येणाऱ्या, खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी एक पदार्थ सांगतो, कारण त्यात वरचं जवळजवळ सगळं येतं. बडी चावडीच्या भाजीबाजारात अंबाडीची जुडी मागा. इथे तिला गोंगुरा म्हणतात. पानं निवडून उकळून आंबट पाणी थोडं काढून टाका. ज्वारीच्या कण्या आणि मूठभर तुरीची डाळ वेगळी शिजवा, थोडे शेंगदाणे त्यातच. मग सगळं एकत्र घोटा, तिखट-मीठ घाला, आणि वरून तेलात लसूण खरपूस होऊ द्या. हीच मराठवाड्यातली अंबाडीची भाजी. कण्या आणि डाळ एकमेकांची अमिनो आम्लं भरून काढतात, पानांतलं बीटा कॅरोटीन फोडणीच्या तेलामुळे अंगी लागतं, शेंगदाण्यातून नायसिनही मिळतं. क जीवनसत्त्व मात्र उकळताना निघून गेलेलं असतं, म्हणून ताटात लिंबाची फोड आणि कच्चा कांदा घ्यायचा. बरोबर भाकरी, वाटीभर दही. दह्याची वाटी कमी पडली की भाकरी वाढवून पोट भरू नये. दुसऱ्या दिवशी डाळीचं माप दुप्पट करावं.