धनुर्वाताचे इंजेक्शन दोनदा का?

आपली प्रतिकारशक्ती : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण जंतूंना गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी पाहिल्या. जंतू हाती लागला तर त्या त्याचा फडशा पाडतात. पण जंतू जखमेत एका जागी बसून नुसते विष सोडत राहिला तर? धनुर्वाताचा जंतू हेच करतो. म्हणून बी पेशी आणि त्यांनी तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, समजून घ्यायची तर मला हाच रोग सर्वांत सोयीचा वाटतो.

या जंतूचे बीजाणू मातीत, शेणात, धुळीत वर्षानुवर्षे तग धरतात आणि हवा न लागणाऱ्या खोल जखमेत रुजतात. जंतू तिथेच राहतात, त्यांचे विष मात्र चेतातंतूंतून मज्जारज्जूपर्यंत चढते. स्नायूंना सैल पडायला सांगणारी रसायने तिथे अडतात. जबडा आवळतो, मान ताठते, पाठ उलटी कमानते. विष एकदा चेतातंतूत शिरले की प्रतिपिंडे त्याला गाठू शकत नाहीत. जे काही करायचे ते त्याआधीच, म्हणजे प्रतिपिंडे अंगात आधीपासून हजर हवीत. शिवाय हे विष इतके जहाल, की प्रतिकारयंत्रणेला पुरती जाग येण्याइतकी मात्रा अंगात जाण्याआधीच माणूस दगावू शकतो. म्हणूनच धनुर्वातातून वाचलेल्या रुग्णालाही लस द्यावीच लागते.

रक्तात असे काही संरक्षक असते, हे 1890 मध्ये बर्लिनमध्ये दिसले. एमिल फॉन बेहरिंग आणि किटासाटो शिबासाबुरो यांनी धनुर्वाताला दाद न देणाऱ्या सशांचे रक्त उंदरांना टोचले, आणि ते उंदीर त्या रोगापासून बचावले. हा जंतू शुद्ध स्वरूपात वेगळा काढला होता तो किटासाटोंनीच, आदल्या वर्षी. 1901 चे वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल मात्र एकट्या बेहरिंगना मिळाले. हा अन्याय होता असे माझे स्पष्ट मत आहे.

मग शरीराला हे विष ओळखता येते कसे? खरे तर बी पेशी आधी शत्रू पाहून नंतर हत्यार घडवत नाहीत. अस्थिमज्जेत तयार होताना प्रत्येक बी पेशी आपल्या प्रतिपिंडाच्या जनुकांचे तुकडे कापून नव्याने जोडते, आणि ही जोडणी बरीचशी यदृच्छेने होते. सुसुमु टोनेगावा यांनी 1976 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे हे दाखवून दिले. 1987 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. याचा अर्थ असा, की ज्याच्या पायात अजून खिळा गेलेला नाही त्याच्याही अंगात या विषाला चिकटू शकणाऱ्या मोजक्या बी पेशी फिरत असतात. जीवशास्त्रात मला याहून थक्क करणारे फार थोडे सापडले आहे.

लसीत हेच विष फॉर्मालिनने निरुपद्रवी केलेले असते. दंडात टोचले की ते काखेतल्या लसिका ग्रंथींत पोहोचते. तिथे त्याला चिकटणारी बी पेशी मदतनीस टी पेशींच्या पाठबळाने वाढू लागते. वाढताना तिच्या प्रतिपिंडांच्या जनुकांत मुद्दाम बारीकसारीक बदल होत राहतात. बहुतेक बदल वाया जातात. ज्या पेशीची पकड घट्ट होते, तिलाच पुढे वाढू दिले जाते. शेतकरी दर हंगामाला भरलेली कणसे बियाण्याला राखतो, तशी ही निवड फेरीमागून फेरी चालते. तिला काही आठवडे लागतात. म्हणून दोन इंजेक्शनांत किमान चार आठवड्यांचे अंतर ठेवतात. पहिल्यानंतर प्रतिपिंडे बनतात, पण थोडी आणि लवकर ओसरणारी. दुसऱ्याच्या वेळी निवडून ठेवलेल्या स्मृतिपेशी तयार असतात. काही दिवसांतच त्यांच्यापासून प्लाझ्मा पेशी बनतात. अशी एक पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंडे बाहेर सोडू शकते. यांतल्या काही अस्थिमज्जेत मुक्काम ठोकून वर्षानुवर्षे काम करत राहतात.

गरोदरपणी ही दोन इंजेक्शने घ्यायला सांगतात ती आईइतकीच बाळासाठीही. पूर्वी घरच्या बाळंतपणात नाळ विळ्याने किंवा जुन्या ब्लेडने कापली जाई, वर राख किंवा शेण लावले जाई. पाचवीची पूजा होते न होते तोच छान अंगावर पिणारे बाळ दूध ओढेनासे होई. त्याला तोंड उघडता येत नसे. 1980 च्या दशकात आपल्या देशात वर्षाला लाखाहून अधिक नवजात बाळांना हा रोग होत असल्याचा अंदाज होता. नवजात बाळाच्या स्वतःच्या बी पेशी नवख्या असतात, पण आईची आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे वारेतून त्याच्याकडे जातात. त्यांना पलीकडे नेणारे खास ग्राहक वारेत असतात. आयजीएम हे आकाराने मोठे प्रतिपिंड मात्र पलीकडे जात नाही. आईकडून आलेला हा साठा दर तीनेक आठवड्यांनी निम्म्यावर येतो, म्हणून बाळाची स्वतःची लस सहाव्या आठवड्यापासून सुरू होते. लसीकरण आणि स्वच्छ बाळंतपण या दोहोंच्या बळावर 2015 मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. बीजाणू मातीत आहेतच. सुईणी, परिचारिका आणि आशाताईंचे काम त्यामुळे संपलेले नाही.

लस न घेतलेल्या माणसाला मोठी, मातीने माखलेली जखम झाली तर डॉक्टर तयार प्रतिपिंडे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, टोचतात आणि लस वेगळ्या जागी देतात. ही उसनी प्रतिपिंडे लगेच कामाला लागतात, पण काही आठवड्यांत संपतात आणि मागे एकही स्मृतिपेशी ठेवत नाहीत. ते काम लसीचे. जखम भरली म्हणून पुढच्या डोसला न जाणारे फार भेटतात. त्यांच्या बी पेशींची निवड तेव्हा कुठे रंगात आलेली असते.

पुढील आठवड्यात : मदतनीस टी पेशी