'क' हजर आहे! नंबर २३२५

वर्गात तुमचा हजेरी नंबर किती? सतरा? बेचाळीस? आपल्या मराठीतल्या 'क'चा नंबर आहे २३२५! 'ख' २३२६, 'ग' २३२७, 'घ' २३२८ आणि 'ङ' २३२९. जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर हेच नंबर चालतात. या हजेरीपटाचं नाव युनिकोड.

आता चला चेन्नईला. तिथे बसवर, दुकानांच्या पाट्यांवर तमिळ अक्षरं दिसतात. तमिळ 'क'चा नंबर २९६५. मग २९६६ कुणाचा? कुणाचाच नाही! २९६७ आणि २९६८ सुद्धा गैरहजर. कारण तमिळ लिपीत ख, ग, घ साठी वेगळी अक्षरंच नाहीत. तरी त्यांच्या जागा मोकळ्या ठेवल्या आणि 'ङ'ला २९६९ दिला.

का बरं? मराठी आणि तमिळ 'क'च्या नंबरांची वजाबाकी करा. ६४० आले? आता 'ङ'ची करा. पुन्हा ६४०! मराठी 'म' २३५० वर आहे, तर तमिळ 'म' कुठे सापडेल? बरोब्बर, २९९० वर! आपल्याकडे भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचा तक्ता आधीच तयार होता. त्यात सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांचा क्रम एकच होता. युनिकोडने तोच उचलला.

तुम्ही मोबाइलवर 'क' लिहून पाठवता, तेव्हा अक्षराचं चित्र जात नाही, नंबर जातो. चेन्नईच्या किनाऱ्यावरून समुद्राच्या तळाशी केबल गेल्या आहेत. त्यातली एक थेट सिंगापूरला पोचते, तीन हजार किलोमीटरहून लांब! तिच्यातल्या केसासारख्या बारीक काचतंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे तुमचा 'क' सेकंदाच्या साठाव्या भागात सिंगापुरात!

पण तिथल्या कॉम्प्युटरचा हजेरीपट वेगळा असता तर? पूर्वी अगदी असंच व्हायचं. प्रत्येक फॉन्टचे नंबर निराळे. तो फॉन्ट तुमच्याकडे नसला की बातमीऐवजी पडद्यावर नुसत्या चित्रविचित्र खुणा! तमिळ वाचकही वैतागले होते. म्हणून फेब्रुवारी १९९९ मध्ये चेन्नईत 'तमिळनेट ९९' ही परिषद भरली. देशोदेशीचे तमिळ जाणकार एकत्र बसले आणि 'तमिळ ९९' हा सर्वांसाठी एकच कीबोर्ड ठरला. फॉन्टच्या नंबरांचा गोंधळ मात्र पुढे युनिकोड सगळीकडे रुळला तसा मिटत गेला.

सगळं वेब असंच उभं राहिलंय. सर्वांनी मिळून पाळायचे नियम, मालकी कुणाचीच नाही. वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांची. ते सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत काम करायचे. ३० एप्रिल १९९३ ला सर्नने जाहीर केलं, वेब कुणीही वापरा, फुकट! १५ ऑगस्ट १९९५ ला भारतात सर्वांसाठी इंटरनेट सुरू झालं, तेव्हा पहिल्या शहरांत मद्रास, म्हणजे आजचं चेन्नई, होतंच.

वेबपान आपली कृतीही लपवत नाही. कॉम्प्युटरवर एखादं पान उघडा, कंट्रोल आणि यू ही बटणं एकदम दाबा. पान ज्या खुणांनी बनलंय, त्या समोर हजर! कितीतरी जण असं बघून बघूनच पानं बनवायला शिकले.

वेब इतकं मोकळं आहे, मग काळजी कसली? काळजी ही, की आज बरंचसं लिखाण, फोटो, व्हिडिओ अ‍ॅपच्या आत जातात. तिथे खातं उघडल्याशिवाय बऱ्याच गोष्टी दिसत नाहीत, आणि कंपनीने नियम बदलले की सगळ्यांना निमूटपणे मानावे लागतात. २०१५ मध्ये आपल्याकडे वेगळंच घाटत होतं: काही साइट फुकट, बाकीच्यांना पैसे. तेव्हा दहा लाखांहून जास्त ईमेल दूरसंचार नियामकाकडे, म्हणजे ट्रायकडे गेले. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने ठरवलं, साइट पाहून इंटरनेटचे दर कमी-जास्त करायचे नाहीत. लोक बोलले, म्हणून दार उघडं राहिलं.

तुमचाही हातभार लागू द्या. नोटपॅड उघडा, मराठीत दोन ओळी लिहा, फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन इंग्रजीत एचटीएमएल लिहा आणि सेव्ह करा. मग ती ब्राउझरमध्ये उघडा. झालं तुमचं पहिलं वेबपान, आणि त्यासाठी कुणाची परवानगीही लागली नाही!