प्रोग्रॅमच्या पोटातला सर्व्हर

ऐरोली-महाप्याच्या काचेच्या इमारतींत रोज कामाला जाणाऱ्या मुलामुलींना ‘जावा’ म्हणजे संगणकाची भाषा. त्यांच्या वडिलांना अजून ती मोटारसायकल वाटते. त्या भाषेतल्या ‘जेटी’ नावाच्या एका लहानशा सर्व्हरविषयी आज बोलावयाचे आहे. जेटी म्हणजे धक्का. खाडीकाठच्या आपल्या मंडळींना हा शब्द काही परका नाही.

आपण फोनवर पगाराची पावती मागतो. ती मागणी तारेवरून दूरच्या यंत्रापर्यंत जाते. तेथे दारात कोणीतरी कान देऊन बसलेला असावा लागतो. मागणी घ्यावयाची, आत पोचवावयाची, उत्तर बाहेर आणून द्यावयाचे. हा दारावरचा कारकून म्हणजे सर्व्हर.

पूर्वीपासूनची रीत अशी, की सर्व्हर मोठा व वेगळा, आणि अनेक प्रोग्रॅम त्याच्या आश्रयाला. गिरणीतल्या जुन्या माणसांना हे लगेच उमगेल. एका इंजिनावर लांबलचक शाफ्ट फिरे, आणि त्यावरून पट्ट्यांनी सगळे साचे चालत. शाफ्ट थांबला की खाते थांबले. १९१५ साली टाटांची खोपोलीची वीज मुंबईकडे वाहू लागली, आणि पुढे हळूहळू प्रत्येक साच्याला स्वतःची मोटर आली.

जेटी ही तशी मोटर आहे. प्रोग्रॅमने सर्व्हरकडे जायचे नाही. सर्व्हरच प्रोग्रॅमच्या पोटात बसवायचा. जावाच्या पाच-सात ओळी लिहिल्या, ८०८० सारखा एखादा दार-क्रमांक दिला, की प्रोग्रॅम स्वतःच दार उघडून बसतो. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेग विल्किन्स यांनी १९९५ साली, म्हणजे जावा बाजारात आली त्याच वर्षी, हे काम आरंभिले. २००९ पासून ते एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेच्या छत्राखाली आहे. प्रचंड माहिती साठविणारे हडूप आणि प्रोग्रॅम तपासून जोडणारे जेन्किन्स, दोघांनीही जेटी पोटात घेतलेली आहे. घेणाऱ्याला पैसा पडत नाही.

फुकट मिळते म्हणून ते फुकट होते, असे मात्र कोणी समजू नये. वेबटाइड नावाची कंपनी गिऱ्हाइकांकडून देखभालीचे पैसे घेते, व त्यांतून जेटीच्या कारागिरांचे पगार निघतात.

या सोयीची एक किंमत आहे, आणि ती आम्हांस महत्त्वाची वाटते. एका शाफ्टची दुरुस्ती एकदाच होई; शंभर मोटरींत एकच दोष निघाला तर शंभर मोटरी उघडाव्या लागतात. जेटीत चोराला वाट देणारी फट सापडली, की जेटी पोटात घेतलेला प्रत्येक प्रोग्रॅम शोधून, नवी आवृत्ती घालून, पुन्हा चालवून पाहावा लागतो. नवव्या आवृत्तीची नियमित मोफत दुरुस्ती २०२२ साली संपली. तरी जुने चालू आहे तोवर हात लावू नका, असे म्हणणारे मालक असतातच.

फट निघाली की रात्री फोन येतो तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलीला. गिरणीत पाळी संपल्याचा भोंगा होता. तिने घरी बसून पहाटेपर्यंत केलेली ही दुरुस्ती हजेरीपटावर कोणत्या रकान्यात मांडावयाची, याचे उत्तर आम्ही मागत आहोत.