वनस्पतितेल आणि डीझेलचे इंजिन

१९४० साली युद्धामुळे परदेशी मालाचा भरवसा राहिला नाही, तेव्हा डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांच्या देखरेखीखाली कलकत्त्यात अलीपूरच्या सरकारी परीक्षणगृहात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन मंडळाचे काम सुरू झाले. पहिल्या दोन वर्षांत मंडळाने ज्या गोष्टी सिद्ध केल्या, त्यांत इंधन व वंगण म्हणून वापरावयाची वनस्पतितेलांची मिश्रणे होती. १९४२ साली ब्रह्मदेश पडला आणि तेथील तेलविहिरी हातच्या गेल्या. प्रश्न किती निकडीचा होता हे तेव्हा सर्वांस कळून आले.

वनस्पतितेलाचा मुख्य दोष म्हणजे त्याचा दाटपणा. तो डीझेलच्या सुमारे दसपट असतो. असे तेल बारीक फवाऱ्याच्या रूपाने उडत नाही, अर्धवट जळते आणि फवारणीच्या तोंडाशी कोळशाची पुटे चढवते. बेल्जियममधील शावान यांनी १९३७ साली यावर उपाय सुचविला. तेलाची अल्कोहोलशी रासायनिक क्रिया घडविली की ग्लिसरीन वेगळे होते व उरलेले एस्टर जवळजवळ डीझेलइतकेच पातळ असते. हेच आजचे जैवडीझेल होय.

जैवडीझेलात वजनाने सुमारे ११ टक्के प्राणवायू असतो. त्यामुळे त्याची उष्णता डीझेलहून कमी भरते. परंतु २० टक्के मिश्रणात शक्तीची घट एकदोन टक्क्यांपलीकडे सहसा जात नाही. चालकास ती जाणवणारही नाही! उलट तोच प्राणवायू ज्वलन अधिक पुरे करतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००२ साली जुन्या अवजड इंजिनांवरील प्रयोग एकत्र तपासले. २० टक्के मिश्रणाने धुरातील कण सुमारे १० टक्के, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के व न जळलेले हायड्रोकार्बन २१ टक्के घटले. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र दोनएक टक्के वाढली, आणि शहराच्या हवेत ती उपेक्षणीय नव्हेत.

१ एप्रिल २०२० पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या डीझेल मोटारींच्या धुराड्यांतच कण अडविणारी गाळणी असते, म्हणून तेथे हा लाभ फारसा दिसत नाही. तो दिसतो जुन्या इंजिनांत. पण मिश्रण टाकीतील जुना गाळ सुटा करते, म्हणून आरंभी इंधनाची गाळणी लवकर बदलावी लागते. शिवाय पामतेलाचे शुद्ध जैवडीझेल सुमारे १५ अंशांवरच गढूळ होऊ लागते, आणि कलकत्त्यात जानेवारीच्या रात्री पारा त्याहून खाली उतरतो.